हाताची खाज आणि मशीनचे कूलंट : ट्रायइथेनॉलअमाईनची ओळख

कुरुळी, चिंबळी, निघोजे, महाळुंगे या पट्ट्यात राहत असाल, तर तुमच्या घरातले कोणीतरी मशीनवर काम करत असण्याची शक्यता बरीच आहे. आमच्या दवाखान्यात असे कामगार नेहमी येतात. बोटांच्या बेचक्यांत लाली, मनगटावर भेगा आणि रात्री खाज, ही तक्रार. बहुतेकांनी आधी मेडिकलमधून ‘नायट्याचे’ मलम आणून लावलेले असते. चार दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच.

मी त्यांना पहिला प्रश्न विचारतो, "सुट्टीत हात बरे होतात का?" पुष्कळदा उत्तर येते, "हो डॉक्टर, गावाला गेलो की बरे होतात." म्हणजे कारण कामावर शोधायला हवे. ते अनेकदा कूलंटमध्ये सापडते, आणि कूलंटमधला एक नेहमीचा घटक म्हणजे ट्रायइथेनॉलअमाईन, थोडक्यात टीईए.

हे रसायन आहे तरी काय?

अमोनिया आणि इथिलीन ऑक्साईड यांच्यापासून टीईए तयार होते. ते घट्ट, चिकट, रंगहीन ते फिकट पिवळे असते आणि त्याला अमोनियासारखा हलका वास येतो. पाण्यात ते सहज मिसळते. साधारण २१ अंश सेल्सिअसच्या आसपास ते गोठते, त्यामुळे थंडीत त्याचा ड्रम घट्ट झाला तर माल खराब झाला असे समजू नका. मुख्य गुण म्हणजे ते अल्कधर्मी आहे. स्निग्ध आम्लाशी मिसळले की त्याचा साबण बनतो आणि तेल व पाणी एकजीव होतात. लोखंडाला गंज चढू नये म्हणूनही ते कूलंटमध्ये घालतात.

याच गुणामुळे ते तुमच्या घरातही असते. क्रीम, शाम्पू, शेव्हिंग फोम यांच्या वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचून पाहा. म्हणून घाबरून क्रीम फेकून देऊ नका. तिथे प्रमाण कमी असते. युरोपच्या नियमानुसार, लावून न धुता ठेवायच्या प्रसाधनांत या गटातील रसायनांची मर्यादा २.५ टक्के आहे. मात्र ज्याला टीईएची खरी ॲलर्जी आहे, त्याचे पुरळ अशा क्रीमनेही वाढू शकते. पॅच टेस्टने ते कळते.

मग हात का बिघडतात?

आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तर कूलंट अल्कधर्मी. आठ-आठ तास ओल्या हातांनी जॉब लावला-काढला की त्वचेवरचे तेल निघून जाते. लोखंडाच्या बारीक चिप्स ओरखडे काढतात आणि त्यातून कूलंट आत झिरपते. टाकीतले पाणी उडून कूलंट घट्ट झाले असेल, तर त्रास आणखी वाढतो. हा नायटा नव्हे, आणि तो घरच्यांना लागत नाही. स्टेरॉईड मिसळलेले मलम महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते आणि मूळ कारण मात्र तसेच राहते.

आणखी एक गोष्ट. नायट्राईट असलेला गंजरोधक अशा अमाईनच्या कूलंटमध्ये मिसळू नये. त्यातून नायट्रोसामाईन तयार होऊ शकतात, आणि त्यांतील काही कर्करोगकारक असण्याचा संशय आहे.

काय काळजी घ्याल?

• कूलंट बनवताना तेल पाण्यात ओता, पाणी तेलात नको. प्रमाण अंदाजाने नव्हे, रिफ्रॅक्टोमीटरने पाहा.
• ड्रममधले कच्चे द्रव हाताळताना नायट्राईलचे हातमोजे आणि चष्मा वापरा. पण फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे घालू नका, बोटे अडकतात.
• हात थिनर, डिझेल किंवा वॉशिंग पावडरने धुऊ नका. सौम्य साबण वापरा, हात कोरडे करा आणि शिफ्ट संपल्यावर व्हॅसलिन लावा.
• चिप्स भरलेल्या चिंधीने हात पुसू नका. एअर गनने कपडे झटकू नका.
• भिजलेला शर्ट लगेच बदला. तो घरी वेगळा धुवा.
• डोळ्यात उडाले तर वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

डॉक्टरांना काय सांगाल?

‘हाताला खाज येते’ एवढेच सांगू नका. काम काय करता, कूलंट कोणते, ते कधी बदलले हे सांगा. सुपरवायझरकडून त्याची सुरक्षा माहितीपत्रिका मागून घ्या. मोबाईलवर फोटो आणला तरी चालेल.

अनेक कंत्राटी मुले हात लपवतात. "साहेब, सांगितले तर उद्यापासून गेटवर थांबवतील," असे ते म्हणतात. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण रसायनांमुळे होणारा त्वचादाह हा १९४८ च्या कारखाने कायद्यातील अधिसूचित आजारांच्या यादीत होता, म्हणजे तो आजार कामातून होतो हे फार पूर्वीच मान्य झालेले आहे. ईएसआयचे कार्ड असेल तर उपचार तिथे घेता येतात. सुरुवातीला दाखवलेत तर बहुतेकांचे हात काही आठवड्यांत सुधारतात आणि काम सोडावे लागत नाही. वर्षभर लपवलेला त्रास मात्र हट्टी होऊन बसतो. ज्या हातांवर घर चालते, ते हात वेळेत दाखवा.