दाढ काढण्याचा अभ्यास

दंतवैद्यांच्या बैठकीत ‘लोणी’ म्हटले की सगळ्यांना प्रवरेचे लोणी आठवते. तिथे दंत महाविद्यालय आहे, शिकवणारे आहेत, शिकणारे आहेत. मी लिहिते आहे ते दुसऱ्या लोणीच्या बाजूने, आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला धामणी-पाबळच्या कोरडवाहू पट्ट्यात असलेल्या लोणीच्या. या भागात दाढ ठणकू लागली की माणूस आधी लवंग धरतो, मग मेडिकलमधून गोळी आणतो, चार दिवस मिश्री जरा जास्त लावतो आणि हे सगळे हरले की मंचर गाठतो. तोवर दाढ वाचवण्याची वेळ बहुधा टळलेली असते. त्यामुळे कितीही नवी यंत्रे आली तरी इथल्या दंतवैद्याच्या हातचे रोजचे काम दाढ काढणे हेच राहिले आहे. आणि नेमके याच कामाचे पदवीनंतरचे शिक्षण आमच्या व्यवसायात जवळजवळ थांबले आहे. ते पुन्हा सुरू व्हावे, पण सध्या ज्या रीतीने आम्हाला शिकवले जाते त्या रीतीने नव्हे, एवढेच मला मांडायचे आहे.

वाचकांपैकी बहुतेकांना ठाऊक नसेल, पण दंतवैद्याला नोंदणी चालू ठेवायची तर ठरावीक काळात निरंतर शिक्षणाचे गुण जमवावे लागतात. दंत परिषदेने मान्य केलेल्या व्याख्यानांना, अधिवेशनांना, कार्यशाळांना हजर राहिले की ते मिळतात. कल्पना उत्तम आहे. मात्र कार्यक्रमपत्रिका पाहिल्या तर इम्प्लांट, अलाइनर, लेसर आणि हसू देखणे करण्याच्या विद्या यांचीच गर्दी दिसते. यात कुणाचा कट नाही, साधा हिशेब आहे. सभागृहाचे भाडे आणि जेवणाचा खर्च उचलायला प्रायोजक लागतो आणि इम्प्लांट विकणाऱ्या कंपनीला तो परवडतो. दाढ काढायचा फोर्सेप एकदा घेतला की वर्षानुवर्षे टिकतो. त्याच्या जोरावर कोण कुणाला जेवण देणार?

पहिला आक्षेप आमच्याच लोकांचा असतो. दाढ काढणे ही मुळाक्षरे आहेत, इंटर्नशिपमध्ये इतक्या दाढा काढल्या, आता पुन्हा काय शिकायचे? हात तयार झालेला असतो हे मान्य. बदललेला असतो तो खुर्चीतला माणूस. अँजिओप्लास्टी झालेले, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे रुग्ण आता खेड्यापाड्यांतून येतात. ‘दाढ काढायच्या आधी आठवडाभर गोळी बंद’ हा जुना पाठ अनेकांच्या तोंडी अजून आहे. पण 1998 मध्ये मायकेल वॉल यांनी अशा रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासून दाखवले की दंतशस्त्रक्रियेसाठी औषध थांबवल्यावर गुठळी होऊन जिवावर बेतण्याचा धोका हा दाढेच्या रक्तस्रावाच्या धोक्यापेक्षा गंभीर आहे. 2007 मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या संस्थांनी तिथल्या दंतवैद्यक संघटनेला बरोबर घेऊन संयुक्त सूचनाच काढली की स्टेंट बसवलेल्यांच्या या गोळ्या मुदतीआधी तोडू नका. दाढेच्या खळग्यातले रक्त बोळा दाबून, टाका घालून, जिलेटिनचा स्पंज ठेवून थांबवता येते. बंद पडलेला स्टेंट मंचरच्या दवाखान्यात उघडता येत नाही. हाडे ठिसूळ झाल्यावर दिल्या जाणाऱ्या औषधांचेही तसेच. आठवड्याला एक गोळी किंवा वर्षाला एक इंजेक्शन घेणाऱ्या आजीबाई ते ‘औषध’ म्हणून सांगतही नाहीत, कारण त्यांच्या लेखी औषध म्हणजे बीपीचे आणि शुगरचे. या औषधांमुळे दाढ काढल्यावर जबड्याचे हाड उघडे पडून कुजू शकते, हे रॉबर्ट मार्क्स यांनी 2003 मध्ये प्रथम जगापुढे आणले. हाडांच्या ठिसूळपणासाठी औषध घेणाऱ्यांत हा धोका फार थोडा, कर्करोगासाठी मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांत बराच जास्त. पण ज्याने 2003 च्या आधी पदवी घेतली त्याच्या पुस्तकात हे असणेच शक्य नव्हते. म्हणजे मुळाक्षरांतच नवी अक्षरे आली आहेत.

भुलीचे इंजेक्शन घ्या. आपल्याकडे ते बऱ्याचदा 30 मिलिलिटरच्या बाटलीतून साध्या सिरिंजमध्ये ओढून दिले जाते. दोन टक्के लिग्नोकेनच्या एका मिलिलिटरमध्ये 20 मिलिग्रॅम औषध असते. किलोमागे 4.4 मिलिग्रॅम ही सावध मर्यादा धरली तर 15 किलोच्या मुलाला 66 मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम सव्वातीन मिलिलिटर चालते. रडणाऱ्या मुलाला ‘अजून थोडे’ म्हणत हा आकडा ओलांडणे मुळीच अवघड नाही. बाटलीवर मुलाचे वजन लिहिलेले नसते.

मग अनुभव कशाला म्हणायचे, असे कुणी विचारील. वर्षे गेली की शहाणपण येतेच, ही समजूत सुखाची आहे. पुरावा तसा नाही. चौधरी आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये डॉक्टरांवरचे 62 अभ्यास एकत्र तपासले. त्यातल्या निम्म्याहून अधिक अभ्यासांत, जितकी वर्षे व्यवसायात तितकी उपचारांची गुणवत्ता उतरलेली दिसली, तीही मोजलेल्या सगळ्या निकषांवर. हे अभ्यास दंतवैद्यांचे नव्हेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण दाढ काढण्याच्या बाबतीत त्याचे कारण मला सहज पटते. ज्याचा खळगा सुकून तिसऱ्या दिवशी असह्य ठणका लागतो, तो रुग्ण पुष्कळदा त्याच डॉक्टरकडे परत येत नाही. तो चिडून दुसरीकडे जातो किंवा गोळ्या खाऊन सहन करतो. डॉक्टरच्या वहीत मात्र ती दाढ ‘काढली’ एवढ्यावर संपलेली असते. चुकलेल्या कामाची खबरच जर पोचत नसेल, तर दहा हजारावी दाढ पहिल्या हजारांपेक्षा चांगली निघण्याचे कारण उरत नाही. त्यात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा मिश्री, मळलेली तंबाखू असे काही ना काही तोंडात ठेवणारा, असे 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत आढळले. दाढ काढल्यावर ‘थुंकू नका, चूळ भरू नका’ हे सगळे सांगतात. मिश्री किती दिवस बंद, हे नेमके आणि घरच्यांसमोर सांगणारे कमी.

शिकवायचे कसे, याचे उत्तरही बरेचसे मिळालेले आहे. डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये दाखवून दिले की नुसत्या व्याख्यानाने डॉक्टरचे वागणे बदलत नाही. जिथे त्याला स्वतः काही करावे लागते, बोलावे लागते, तिथे ते बदलते. 2009 च्या कोक्रेन आढाव्यात शिक्षणाच्या बैठकांमुळे योग्य उपचारांत पडलेली भर साधारण सहा टक्के निघाली आणि व्याख्यानाला प्रत्यक्ष सहभागाची जोड दिलेल्या बैठका अधिक उपयोगी ठरल्या. सहा टक्के म्हणजे फार नाही. म्हणूनच ते कुठल्या कामावर खर्च करायचे याचा विचार हवा. वर्षाकाठी दोन इम्प्लांट बसवणाऱ्याने त्यात सहा टक्के सुधारणा केली, तर ती कुणाच्या वाट्याला येणार? तीन मुळांची दाढ ताकदीने न ओढता ड्रिलच्या बरने तिचे भाग करून एकेक मूळ वेगळे काढणे, बाहेरची हाडाची पातळ भिंत शाबूत ठेवणे, हे कौशल्य स्लाइडवर पाहून हातात उतरत नाही. मटणाच्या दुकानातून आणलेल्या बोकडाच्या जबड्यावर ते एका सकाळी शिकता येते. त्या एका सकाळचा खर्च सभागृहातल्या चहापेक्षा कमी असेल.

याहून वजनदार आक्षेप असा: दात वाचवायला शिकवायचे सोडून काढायलाच काय शिकवता? हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. खेड्यातल्या माणसाची दाढ हक्काने काढायची आणि शहरातल्याची वाचवायची, हा भेद लाजिरवाणा आहे. पण काढण्याच्या शिक्षणाचा पहिला धडा ‘ही काढायची का?’ हाच असतो, किंवा असायला हवा. काही त्रास नसलेली अक्कलदाढ केवळ पुढे त्रास देईल म्हणून काढू नये, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2000 मध्येच सांगितले. यावर वाद आहेत, पण ते वाद तरी आमच्या बैठकांत व्हावेत. अँटिबायोटिकचेही तेच. रुग्ण धडधाकट असेल आणि दाढेवर लगेच उपचार होणार असेल, तर बहुतेक दुखण्यांत त्याची गरज नाही, असा अमेरिकन दंतवैद्यक संघटनेचा 2019 चा सल्ला आहे. आपल्याकडे मात्र पाच दिवसांचा कोर्स दाढेबरोबर फुकट मिळाल्यासारखा लिहिला जातो. उलट जिथे खरोखर काढायलाच हवी तिथे ‘वरची दाढ काढली की नजर जाते’ या भीतीने माणसे पू होऊन सूज गळ्यापर्यंत जाऊ देतात. डोळ्याच्या नसेचा दाढेच्या मुळाशी संबंध नाही, हे चार वाक्यांत समजावता येणे हेसुद्धा कौशल्यच. हातात पाना घेऊन ओढण्यापलीकडचे हे सगळे त्याच शिक्षणात बसते.

राहिली कायद्याची भीती. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शांता खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, तेव्हापासून आपले बिघडलेले काम चारचौघांत मांडायला कोण धजेल, असे विचारतात. भीती खोटी नाही. पण नाव-गाव झाकून एक्स-रे आणि वयाचा आकडा एवढ्यावर चर्चा होऊ शकते. शिवाय न्यायालयात माणूस वाचतो तो नोंदींनी: औषधांची विचारपूस केल्याची नोंद, संमती, दिलेली मात्रा, तिसऱ्या दिवशी केलेला फोन. या नोंदींची सवय लावणारी बैठक डॉक्टरला अडचणीत आणत नाही. घरबसल्या वेबिनार पुरेत, असे म्हणणाऱ्यांना इतकेच सांगेन की औषधांची माहिती त्यातून खुशाल द्यावी. वाकलेले मूळ कुठे सोडून द्यायचे आणि कुठे पुण्याला पाठवायचे, हे मात्र तोच रस्ता, तीच एसटी, तेच रुग्ण असलेल्या दहा-बारा जणांनी एकत्र बसूनच ठरते.

मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयाची एखादी खोली, महिन्यातून एक दुपार, प्रत्येकाने आणलेली एक अवघड आणि एक फसलेली केस, आणि परिषदेने त्याला अधिवेशनाइतकेच गुण द्यावेत, एवढी माझी मागणी आहे. पहिली बैठक दिवाळीआधी व्हावी. पारगावच्या भीमाशंकर कारखान्याचे गाळप सुरू झाले की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, दाढ काढून दुसऱ्या पहाटे फडात जातात आणि हंगाम संपला की निघून जातात. त्यांच्यासाठी पुन्हा दाखवायला येणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडणे. रक्त थांबले का, मूळ राहिले का, हे त्यांना विचारायचे तर अनेकदा मुकादमाचाच फोन लावावा लागतो, आणि तो नंबर रुग्ण खुर्चीत असतानाच लिहून घ्यावा लागतो.