शेठला नऊ मतं

शनिवारी सकाळी सहाला बदलापूर स्टेशनबाहेर हसतमुखाने उभा असलेला माणूस दोनच प्रकारचा असतो. एक कोंडेश्वरला निघालेला, नाहीतर फुटबॉल खेळायला आलेला. आम्ही दुसऱ्या प्रकारातले. पंधरा जणांचा कंपू. सात बदलापूरकर, पाच अंबरनाथचे, तीन उल्हासनगरचे. तासाभरासाठी टर्फ घ्यायचं, पैसे वाटून घ्यायचे, सात विरुद्ध सात खेळायचं, उरलेल्याने बाहेर बसून सगळ्यांना अक्कल शिकवायची. मग मिसळ. मग घरी जाऊन दुपारी चारपर्यंत मेल्यासारखं झोपायचं.

तर मंडळी, गेल्या डिसेंबरात कुणाच्या तरी डोक्यात किडा वळवळला, की आपणही 'प्लेयर ऑफ द इयर' काढू. आमचा अंबरनाथचा स्ट्रायकर लगेच म्हणाला, "काढायचंय काय त्यात? माझे एकसष्ट गोल आहेत." हा हिशोब तो स्वतःच एक्सेलमध्ये ठेवतो, तेव्हा त्यातले दहा-बारा आपण सोडून देऊ. पण तरी गडी भारी आहे, वादच नाही.

कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पोल टाकला. आता त्या पोलमध्ये कुणी कुणाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. झालं! दिवसभरात फक्त चार मतं पडली आणि चारही स्ट्रायकरला. बाकी अकरा जण मिठाची गुळणी धरून बसले. शेवटी मी गूगल फॉर्म केला. नाव लिहायचं नाही, एकाला एकच मत, स्वतःला मत द्यायचं नाही. तासाभरात पंधराच्या पंधरा मतं आली.

स्ट्रायकरला चार. दोघांना एकेक. आणि नऊ मतं शेठला!

शेठ म्हणजे उल्हासनगरचा आमचा डिफेंडर. फर्निचर बाजारात त्याच्या वडिलांचं दुकान आहे, म्हणून शेठ. वर्षभरात त्याने एकही गोल केलेला नाही. मैदानावर बोलत नाही, ओरडत नाही. फक्त तुम्ही बॉल घेऊन वळलात की तो तिथे आधीच उभा असतो. निकाल कळल्यावर त्याचा मेसेज आला, "अरे पण मी केलं काय?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. केलं काय? बाहेरून बघणाऱ्याला खरंच सांगता येणार नाही. पण त्याच्यासमोरून बॉल न्यायचा प्रयत्न ज्याने वर्षभर केलाय, त्याला विचारा. त्या चौदापैकी नऊ जणांनी तेच सांगितलं होतं.

मग नेहमीच्या सवयीने जालावर उत्खनन सुरू केलं. इंग्लंडमध्ये खेळाडूंची संघटना आहे, प्रोफेशनल फुटबॉलर्स असोसिएशन. १९०७ साली मँचेस्टरमध्ये स्थापन झाली. पत्रकारांचा 'फुटबॉलर ऑफ द इयर' तिकडे १९४८ पासून आहे, पहिला मानकरी स्टॅन्ली मॅथ्यूज. पण खेळाडूंनीच खेळाडूला मत देऊन निवडायचं, हे सुरू झालं १९७३-७४ च्या हंगामात. आता गंमत बघा. १९७४ चा पहिला विजेता लीड्स युनायटेडचा नॉर्मन हंटर, डिफेंडर. १९७५ चा कॉलिन टॉड, डर्बी काउंटीचा, पुन्हा डिफेंडर. १९७६ चा पॅट जेनिंग्ज, टॉटनहॅमचा, गोलकीपर! म्हणजे पहिली तीन वर्षं खेळाडूंनी गोल मारणाऱ्याला नाही, गोल अडवणाऱ्याला मत दिलं. त्याच १९७६ मध्ये पत्रकारांनी निवडला केविन कीगन.

हा हंटर काही संतमाणूस नव्हता हो. त्याच्या टॅकलिंगवरून, हा पाय चावतो, अशी त्याची ख्याती होती. ज्यांच्या पोटऱ्यांवर त्याच्या बुटांचे वळ होते, त्यांनीच त्याला वर्षाचा सर्वोत्तम ठरवलं. याहून मोठं प्रशस्तिपत्र काय असणार?

आपल्याकडे 'फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया' २००६ साली सुरू झाली, बायचुंग भुतिया वगैरे खेळाडूंच्या पुढाकाराने. त्यांनी २००९ पासून खेळाडूंच्या मतांवर पुरस्कार द्यायला सुरुवात केली. भारतीय खेळाडूंमधला पहिला मानकरी सुनील छेत्री. आता छेत्रीला कोण नको म्हणणार! पण डिफेंडरचं दुखणं आपल्याकडेही तेच. आपल्या मुंबईचा राहुल भेके आठवतो? बरीच वर्षं बचावफळीत राबतोय. पण घराघरात नाव पोचलं ते मार्च २०१९ मध्ये, अंधेरीच्या मैदानावर आयएसएलच्या फायनलमध्ये ११७ व्या मिनिटाला त्याने हेडरने गोल मारून बंगळुरूला जिंकून दिलं तेव्हा. म्हणजे डिफेंडरला लोकांच्या लक्षात राहायचं असेल तर स्ट्रायकरचं काम करून दाखवावं लागतं.

खेळाडूंचं मत म्हणजे ब्रह्मवाक्य, असंही नाही. २००९ मध्ये इंग्लंडच्या खेळाडूंनी रायन गिग्जला निवडलं. त्या हंगामात त्याने तोपर्यंत लीगचे फक्त १२ सामने सुरुवातीपासून खेळलेले होते. बरीच टीका झाली, की हा वर्षाचा पुरस्कार आहे का कारकिर्दीचा? असेल. माणसं आपल्यातल्या बुजुर्गाला प्रेमापोटी मत देतात. पण त्या चुकीतसुद्धा एक गोष्ट चांगली आहे. ती मायेपोटी झालेली आहे, जळफळाटातून नाही.

आणि इथे मला हापिस आठवलं. (शनिवारी हापिस आठवणं हे पाप आहे, कबूल.)

आमच्याकडेही सहकाऱ्यांची मतं घेतात. वर्षाच्या शेवटी 'पीअर फीडबॅक' नावाचा फॉर्म येतो. निनावी. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा आमची सहा जणांची टीम होती, आणि वरचं रेटिंग त्या सहांत एकालाच मिळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. टीममध्ये एक मुलगा होता, आमचा शेठ म्हणा. डेमो त्याला जमायचे नाहीत. मीटिंगमध्ये म्यूटवर. पण रात्री दोनला प्रॉडक्शन झोपलं की उठवायचा तोच. माझ्या कोडमधले निदान तीन बग त्याने बाहेर पडायच्या आत धरले आणि ते मोठ्यांदा सांगितलंसुद्धा नाही. गुपचूप मला पिंग केलं, "एकदा बघ ना."

त्याच्याबद्दलचा फॉर्म मी ठाण्याहून सुटलेल्या बदलापूर लोकलमध्ये, एका हाताने हँडल धरून भरला. काय लिहिलं? "चांगला आहे, मात्र पुढाकार घ्यायला हवा. मेहनती आहे, मात्र संवाद सुधारायला हवा." एकही शब्द खोटा नाही. आणि सगळं मिळून सपशेल खोटं. कारण त्या वर्षी वरच्या रेटिंगसाठी आम्ही दोघंच होतो, आणि ते मला पक्कं माहीत होतं.

रेटिंग मला मिळालं. सहा महिन्यांनी तो दुसऱ्या कंपनीत गेला. निरोपाच्या केकचा मोठा तुकडा मीच खाल्ला.

शेठच्या नऊ मतांमुळे हे सगळं पुन्हा वर आलं. टर्फवर पंधरा माणसं बिनदिक्कत खरं बोलली, आणि त्यातलाच एक मी हापिसात तोंडावर खोटं न बोलता खोटं बोललो. माणूस तोच. मग फरक कशात? माझ्या मते दोन गोष्टींत. एक, मत खरोखर गुप्त हवं. आमच्या पोलवर अकरा जण गप्प बसले ते उगाच नाही. आणि दुसरी मोठी, दुसऱ्याला चांगलं म्हटल्याने आपल्या ताटातलं काही जायला नको. हंटरला मत देणाऱ्याचा पगार त्या मतामुळे कमी होणार नव्हता. शेठला मत दिल्याने माझी मिसळ कमी झाली नाही. हापिसात मात्र आधी एकच लाडू ठेवतात, आणि मग विचारतात, सांगा बरं शेजारचा कसा आहे?

हे लिहून स्वतःला सोडवून घ्यायचा मोह होतोय. व्यवस्थाच तशी, आपण काय करणार वगैरे. पण फॉर्म व्यवस्थेने भरला नव्हता. मी भरला होता. अंबरनाथ यायच्या आत.

गेल्या रविवारी त्याला फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर शेवटी सांगून टाकलं. तो क्षणभर गप्प, मग हसायलाच लागला.

"कळलं होतं रे मला तेव्हाच. सहा जणांत निनावी काय डोंबल राहतंय? आणि दर वाक्यात 'मात्र' लिहिणारा आपल्याकडे एकच होता."

मी सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "ठीक आहे." 'काही नाही रे, विसर' असं म्हणाला नाही. ते मला बरंच वाटलं.

असो. यंदाचे फॉर्म पुढच्या आठवड्यात येतायत. टीममध्ये एक नवी मुलगी आहे. मीटिंगमध्ये म्यूटवर असते आणि कालच तिने माझा एक बग पकडला. या वेळी 'मात्र' न वापरता लिहायचं ठरवलंय. रेटिंगचं काय व्हायचं ते होवो.

शेठला आम्ही ट्रॉफी दिली. उल्हासनगरातूनच आणली, त्यानेच भाव करून दिला :) ती आता त्याच्या दुकानात गल्ल्यामागे ठेवलेली आहे. गिऱ्हाइकं विचारतात, किती गोल मारले? तो म्हणतो, एकपण नाही.