हे खरे आहे काय? सभागृहातला प्रश्न आणि आमचा जंगलभाग

डिसेंबर लागला की आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत दोन गोष्टी रंगात येतात. एक झाडीपट्टीची नाटके आणि दुसरे नागपूरचे हिवाळी अधिवेशन. नाटकाला आमची माणसे तिकीट काढून, चादर घेऊन रात्रभर बसतात आणि सकाळी कोणत्या नटाने काय म्हटले ते एकमेकांना सांगतात. अधिवेशनाचा खर्चही आमच्याच खिशातून होतो, पण तिथे आमच्या तालुक्याबद्दल कोण काय बोलले हे गावात कोणी विचारत नाही. आम्ही कार्यकर्तेसुद्धा विचारत नाही. आमच्यासाठी अधिवेशन म्हणजे मोर्चा. पहाटे गाडी भरायची, यशवंत स्टेडियमवर उतरायचे, पोलिसांनी अडवले तिथे बसायचे, शिष्टमंडळाने निवेदन द्यायचे, फोटो टाकायचा आणि रात्री परत.

मोर्च्याला आमचा विरोध नाही. मोर्चा काढूनच आम्ही मोठे झालो. पण गेली काही वर्षे आमच्या गटात एक वाद सुरू आहे, तो इथे मांडावासा वाटतो. आमचे काही तरुण मित्र म्हणतात, विधानसभा म्हणजे प्रस्थापितांचा तमाशा, तिथे प्रश्न विचारून काही होत नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. तिथे प्रश्न नीट विचारलेच जात नाहीत, आणि नीट विचारले जात नाहीत कारण ते लिहून देणारे आपण गायब आहोत.

या वादात बाबासाहेबांचे नाव दोन्ही बाजू घेतात, म्हणून आधी तारखा पाहू. बाबासाहेब मुंबई विधिमंडळाचे नियुक्त सदस्य झाले आणि १९२७ च्या फेब्रुवारीत त्यांनी अर्थसंकल्पावर भाषण केले. १२ मार्च १९२७ रोजी ते शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. त्यानंतर आठ दिवसांनी, २० मार्चला, महाडचे चवदार तळे. एकाच महिन्यात, एकाच माणसाने. सभागृहात आकडे मांडणारा माणूस वेगळा आणि तळ्यावर ओंजळ भरणारा वेगळा, अशी वाटणी त्यांनी केली नव्हती, ती आपण केली. बरे, महाडची पायाभरणीही सभागृहातच झालेली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा नव्हे, सी. के. आणि एस. के. यांत नेहमी घोळ होतो, सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ चा. ठराव कागदावर राहिला तेव्हा १९२६ मध्ये बोल्यांनी दुसरा ठराव आणला, की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे हा ठराव पाळणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करा. हक्क पाळला जात नसेल तर पैशाला हात घाला, ही युक्ती शंभर वर्षांपूर्वी बहुजनांच्या प्रतिनिधीला सुचली होती.

शिक्षणाच्या त्या भाषणात बाबासाहेबांचा मुद्दा फार सरळ होता. सरकार दारूच्या अबकारीतून माणशी जेवढे काढते तेवढे तरी त्याच लोकांच्या शिक्षणावर खर्च करावे. अर्थशास्त्राचा डॉक्टर माणूस, प्रांतिक वित्तावर ग्रंथ लिहिलेला, पण सभागृहात त्याने जमेची एक बाजू आणि खर्चाची एक बाजू शेजारी ठेवली, बस्स. हा हिशेब आमच्या जिल्ह्याला आजही लावता येतो. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती, मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. बुडणारा महसूल हे तेव्हा पुढे आलेल्या कारणांपैकी एक होते. ठीक आहे. मग तेव्हापासून चंद्रपूर जिल्ह्यातून दरवर्षी किती उत्पादन शुल्क जमा झाले आणि त्यातले किती व्यसनमुक्तीवर, किती मुलींच्या वसतिगृहांवर खर्च झाले? बंदी हवी की नको यावर आमच्यातच दोन मते आहेत. हा प्रश्न मात्र दोन्ही मतांच्या माणसाला विचारता येतो.

आता प्रश्न विचारण्याची रीत. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर तारांकित प्रश्नोत्तरांच्या याद्या मिळतात. आम्ही त्या काढून रविवारी वंदनेनंतर विहारात वाचायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी पोरे हसली. सगळे प्रश्न एकाच साच्यातले. ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात. मग अमुक अमुक झाले, ‘हे खरे आहे काय’. मग ‘असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय’. शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. आणि उत्तरे त्याहून एकसाची. ‘हे खरे नाही.’ ‘अंशतः खरे आहे.’ ‘प्रश्न उद्भवत नाही.’ बी.ए.ला असलेल्या एका मुलीने विचारले, ‘‘दादा, अंशतः म्हणजे कोणता अंश जी?’’

तिचा प्रश्न आम्हाला सगळ्या याद्यांपेक्षा मोलाचा वाटला. ‘अंशतः’ या एका शब्दाआड पूर्ण खाते लपते. तालुक्याच्या ठिकाणच्या एका वसतिगृहाबद्दल (नाव लिहीत नाही) आम्ही एका आमदारांमार्फत प्रश्न टाकला होता. मुलांचा निर्वाह भत्ता महिनोन्महिने आला नव्हता, इमारतीला पाणी नव्हते. उत्तर आले, अंशतः खरे आहे, आवश्यक ती कार्यवाही सुरू आहे. भत्ता खरा की पाणी खरे, ते कळलेच नाही. आमच्या समाजशास्त्राच्या पुस्तकांत नोकरशाहीवर वेबरची आख्खी प्रकरणे होती, पण ‘अंशतः’वर एक ओळ नव्हती.

वाचता वाचता लक्षात आले की उत्तर कसे मिळेल हे बरेचसे प्रश्नच ठरवतो. ‘अहेरी भागातील आरोग्यसेवा कोलमडली आहे, हे खरे आहे काय?’ असे विचारले की ‘हे खरे नाही’ असे म्हणायला अधिकाऱ्याला अर्धा मिनिट लागतो. कोलमडणे ही काय मोजायची गोष्ट आहे? पण अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, मुलचेरा या पाच तालुक्यांतल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णवाहिका किती, त्यातल्या चालू किती, चालकांची पदे मंजूर किती आणि भरलेली किती, इंधनासाठी किती रक्कम कोणत्या तारखेला वितरित झाली, असे विचारले तर ‘खरे नाही’ म्हणता येत नाही. आकडा द्यावा लागतो. आकडा खोटा दिला तर तो हक्कभंगाचा विषय होतो, आणि खरा दिला तर तो आपल्या हातात कायमचा राहतो.

हे आम्ही हौसेने सांगत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये याच अहेरी तालुक्यात आईबापांनी आपल्या दोन लहान मुलांचे मृतदेह खांद्यावर घेऊन चिखलातून सुमारे १५ किलोमीटर पायपीट केली. रुग्णवाहिका मिळाली नाही. व्हिडिओ देशभर फिरला, सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. त्यात मुलांना आधी पुजाऱ्याकडे नेले होते, म्हणून दोष अंधश्रद्धेचा, असे म्हणणारेही निघाले. अंधश्रद्धेशी आमचे भांडण जुने आहे, ते आम्ही करू. पण पुजारी गावात असतो आणि डॉक्टर नदीपलीकडे असतो, हा अर्थसंकल्पाचा प्रश्न आहे. भामरागडला पर्लकोटेचे पाणी चढले की तालुक्याचा संपर्क तुटतो, हे दर पावसाळ्यात छापून येते.

यावर कोणी म्हणेल, आमदार काय करतील, एकेकाकडे एवढा मोठा मुलूख. यात तथ्य आहे. गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा, आमदार तीन. वर सांगितलेले पाचही तालुके एकट्या अहेरी मतदारसंघात येतात. चंद्रपूरचे सहा धरून दोन्ही जिल्ह्यांचे नऊ, आणि सभागृह २८८ चे. एकट्या मुंबईचे ३६. मतदारसंघ लोकसंख्येवर ठरतात आणि ते योग्यच आहे, एका माणसाला एक मूल्य हे तत्त्व आपल्याला सोडायचे नाही. पण नऊ जणांचा आवाज कमी पडतो तेव्हा त्या आवाजात नेमका कागद असावा लागतो. शिवाय या नऊ जागा म्हणजे काही अडगळ नाही. २०१४ ते २०१९ राज्याचा अर्थसंकल्प मांडणारे सुधीर मुनगंटीवार याच चंद्रपूरचे, २०२३-२४ मध्ये विधानसभेतले विरोधी पक्षनेते विजय वडेट्टीवार ब्रह्मपुरीचे, आणि आज गडचिरोलीचे पालकमंत्री खुद्द मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस. माणसे मोठी आहेत. त्यांना तालुकानिहाय तक्ता मागणारे खाली कोणी नाही.

आणि ‘विदर्भ’ या शब्दाचाही हिशेब व्हायला हवा. १९५३ च्या नागपूर कराराने वर्षातून एक अधिवेशन इथे घ्यायचे ठरले. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) खाली १९९४ मध्ये विदर्भासाठी वैधानिक विकास मंडळ आले. त्या मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. २०२० आणि २०२१ चे हिवाळी अधिवेशन मुंबईतच उरकले. २०२४ चे नागपूरला झाले, १६ ते २१ डिसेंबर, सहा दिवस. मंत्र्यांचा शपथविधी १५ तारखेला झाला आणि खातेवाटप झाले २१ ला, म्हणजे अधिवेशन संपले त्या दिवशी. खाते नसलेल्या मंत्र्याला आरोग्याचे विचारायचे की आदिवासी विकासाचे? याच अधिवेशनात ३५ हजार ७८८ कोटींच्या पुरवणी मागण्या मात्र मांडल्या गेल्या आणि मंजूरही झाल्या. पैसा खर्चायला सभागृहाची मान्यता सहा दिवसांत मिळते, जाब द्यायला कोण जबाबदार ते ठरायलाही तेवढेच दिवस लागतात. विदर्भवादी मित्रांना यात विदर्भावर अन्याय दिसतो, आम्हालाही दिसतो. पण नागपूरच्या मेट्रोलाही विदर्भाचा विकास म्हणतात आणि भामरागडच्या पुलालाही, हे ते विसरतात.

आता आपल्या घरचा पैसा. अर्थसंकल्पाची जाडजूड पुस्तके पाहून घाबरू नका. त्यात २२२५ हे प्रधान शीर्ष शोधा, ते अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्गाच्या कल्याणाचे. मग कोणत्याही खात्यात ७८९ हा आकडा दिसला तर तो अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा आणि ७९६ दिसला तर आदिवासी उपयोजनेचा. रस्ते, वीज, शेती, सगळीकडे हे दोन आकडे पसरलेले असतात. त्यापुढे तीन रकाने पाहायचे: अर्थसंकल्पित किती, वितरित किती, खर्च किती. पहिला रकाना भाषणात येतो. तिसरा कोणी वाचत नाही. ३१ मार्चला काय परत गेले आणि पुनर्विनियोजनाने कुठे वळले, ते या दोहोंच्या मधल्या फरकात सापडते.

हा पैसा अन्यत्र वळवू नये, व्यपगत होऊ नये, असे नियोजन आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत होते. आयोगच गेला. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये यासाठी कायदा केला, पुढे तेलंगण आणि राजस्थानने केला. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव उठताबसता घेणाऱ्या महाराष्ट्राने नाही केला. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनीच आपल्या खात्याचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवल्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. मंत्रीच जिथे तक्रारदार, तिथे कायद्याशिवाय भागणार कसे? लाडक्या बहिणींमध्ये आमच्या वस्तीतल्याही माया-बहिणी आहेत, त्यांना पैसे मिळू नयेत असे कोण म्हणेल. पण त्यांच्याच पोरीच्या वसतिगृहातून काढून त्यांना देणे याला आम्ही योजना म्हणत नाही.

आणखी एक. ७८९ आपले आणि ७९६ ‘त्यांचे’ असे आमच्यातले काही बोलतात, ते बंद झाले पाहिजे. गडचिरोलीत बौद्ध वस्ती आणि गोंड-माडिया पाडे एकाच रस्त्यावर आहेत, रस्ता वाहून गेला की दोघांचाही जातो.

खनिजाचा पैसा तर सभागृहाच्या दारातही येत नाही. चंद्रपूरचा कोळसा, सुरजागडचे लोहखनिज, यांच्या स्वामित्वधनाच्या प्रमाणात कंपन्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानला रक्कम देतात. २०१५ च्या कायदा-दुरुस्तीने हे सुरू झाले आणि पैसा बाधित लोकांसाठीच आहे. तो राज्याच्या एकत्रित निधीत जात नाही. तिथे जात नाही हे एका अर्थी चांगले, मुंबईत वळवला जात नाही. पण त्यामुळे त्यावर मागणी नाही, कपात सूचना नाही, मतदान नाही. आमदार-खासदार नियामक परिषदेत बसतात, म्हणजे ज्याने विचारायचे तोच वाटपाच्या टेबलाशी. इथे ग्रामसभेनेच उभे राहिले पाहिजे, आणि आमदारांना सभागृहात निदान कामांची गावनिहाय यादी तरी मागायला लावले पाहिजे.

प्रश्न विचारण्याचा बाजारही होतो, हे आम्हाला ठाऊक नाही असे समजू नका. मे २०२५ मध्ये विधिमंडळाची अंदाज समिती धुळ्याच्या दौऱ्यावर असताना तिथल्या शासकीय विश्रामगृहाच्या खोलीत १ कोटी ८४ लाखांची रोकड सापडली. ‘प्रश्न लावतो’ हा शब्द धमकीसारखा वापरला जातो, हे प्रत्येक तालुक्याच्या कार्यालयातला शिपाईसुद्धा सांगेल. आमचे तरुण मित्र हेच उदाहरण आमच्या तोंडावर फेकतात. त्यांना आमचे उत्तर एवढेच की प्रश्नाचा बाजार तेव्हा होतो जेव्हा प्रश्न कोणाचा आहे हे कोणालाच माहीत नसते. ज्या प्रश्नाची प्रत विहाराच्या फळ्यावर लागली आहे, ग्रामसभेच्या वहीत नोंदली आहे, तो मागे घेताना आमदाराला शंभर माणसांना तोंड द्यावे लागते. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे, ज्यांच्या चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षा दिली, १९६९ ते १९७२ राज्यसभेचे उपसभापती होते. सभागृह आपल्याला परके नाही, आपण तिथले पाहुणे नाही.

तारांकित प्रश्नाची सूचना महिनाभर आधी तरी द्यावी लागते, म्हणून डिसेंबरच्या अधिवेशनाचे काम ऑक्टोबरात, दीक्षा समारंभाची गर्दी ओसरली की सुरू करावे लागते. यंदा आम्ही तीन मसुदे केले आहेत: अहेरी भागातल्या रुग्णवाहिका, चंद्रपूरच्या उत्पादन शुल्काचा जमाखर्च आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या वसतिगृहांचे तीन रकाने. ज्या आमदारांपर्यंत पोचता आले त्यांच्या पीएंकडे पक्ष न पाहता दिले. एकाने फोन करून विचारले, ‘‘हे ७८९ म्हणजे काय हो?’’ त्याला पुढच्या रविवारी विहारात बोलावले आहे. तो येतो म्हणाला आहे. बी.ए.वाली मुलगी समजावून सांगणार आहे.