कार्बनची सायकल आणि घरातला घाट

कार्बन फायबरची सायकल घरातल्या ट्रेनरवर बसवताना तिला धरण्याची जागा एकच: मागचा एक्सल. फ्रेमची आडवी नळी, सीटचा दांडा, मागचा चिमटा यांतल्या कशालाही पकड लावून सायकल उभी राहते खरी, पण ती पकड कार्बनला मानवत नाही. कार्बनचे धागे राळेत भिजवून, थरावर थर देऊन ही फ्रेम तयार होते. धागे ज्या दिशेने टाकले असतील त्या दिशेचा ताण ती पोलादापेक्षा कितीतरी कमी वजनात सोसते. मात्र नळीची भिंत अनेक ठिकाणी जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाडीची असते, आणि ती बाजूने चिमटीत दाबली की थर आतल्या आत सुटू लागतात. लोखंडी सायकलला पोचा पडतो आणि तो डोळ्यांना दिसतो. कार्बनची फ्रेम वरून जशीच्या तशी दिसते आणि पुढे एखाद्या खड्ड्यात दगा देते.

पुण्याच्या सायकलपटूंना ट्रेनर लागतो तो मुख्यतः पावसाळ्यात. नसरापूर, मार्गासनी, वेल्हे, मग तोरण्याच्या अंगाने पासली आणि पुढे केळद, मढे घाट हा रस्ता हिवाळ्यात चढाच्या सरावासाठी उत्तम. आषाढ-श्रावणात त्याच रस्त्यावर धुके, डोंगरावरून वाहून आलेली माती आणि धबधबे बघायला निघालेल्या गाड्यांची रांग असते. अरुंद टायरच्या सायकलने तिथे जाणे शहाणपणाचे नाही. वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले, पाऊस तोच आहे. २०२६ च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही टप्प्याटप्प्यांची शर्यत जिल्ह्यातल्या घाटरस्त्यांवर झाल्यापासून सरावाला खंड पडू न देणारे वाढले आहेत. घरात बसून किती अंतर कापता येते याचा दाखला २०२० सालचा आहे. त्या वर्षी अमेरिकेची आरपार शर्यत आभासी रूपात झाली आणि लेफ्टनंट कर्नल भरत पन्नू तीत तिसरे आले. बारा दिवसांत चार हजार किलोमीटरच्या वर, तेही जागचे न हलता. आजच्या स्मार्ट ट्रेनरला पासली-केळद चढाची जीपीएस फाइल दिली की त्या चढाइतका जोर तो पायांना लावायला लावतो.

ट्रेनर तीन तऱ्हांचे. रोलरवर सायकल नुसती ठेवलेली असते. तिथे पकडच नाही, त्यामुळे फ्रेमला धोका नाही, तोल मात्र चालवणाऱ्याने सांभाळायचा. दुसऱ्या तऱ्हेत मागचे चाक जागेवरच राहते, एक्सलची दोन टोके दोन वाट्यांमध्ये आवळली जातात आणि टायर एका रुळावर टेकतो. तिसऱ्यात मागचे चाक काढून सायकल थेट ट्रेनरच्या एक्सलवर चढवतात. कार्बनच्या सायकलसाठी ही तिसरी तऱ्हा सर्वांत सोयीची, कारण तिथे फ्रेम जशी चाकावर बसते तशीच ट्रेनरवर बसते. किंमत परवडत असेल तर दुसरीकडे पाहूच नये.

खरे काम मापांचे आहे. जुन्या, रिमला ब्रेक लागणाऱ्या रोड सायकलच्या मागच्या चिमट्यातले अंतर १३० मिलिमीटर आणि एक्सल क्विक रिलीजचा. क्विक रिलीज असलेल्या डिस्क ब्रेकच्या सायकलींत ते १३५. अलीकडच्या डिस्क ब्रेकच्या रोड सायकलला १२ मिलिमीटर जाडीचा थ्रू एक्सल असतो आणि अंतर १४२. माउंटन सायकलींत ते बऱ्याचदा १४८. ट्रेनरसोबत या मापांच्या टोप्या आणि नळकांडी मिळतात. त्यांतली जोडी चुकली, एक टोपी १३० ची आणि दुसरी १३५ ची लागली, तरी आवळल्यावर सगळे बसल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात चिमट्याचे दोन पाय आत ओढलेले असतात आणि तो ताण एक्सलच्या खाचेजवळच्या कार्बनवर येतो. म्हणून आधी सायकलच्या पुस्तिकेतले माप वाचावे, मग टोपी निवडावी. डोळ्यांच्या अंदाजाने निवडू नये.

थ्रू एक्सलच्या आट्यांतही फरक असतो. जाडी १२ मिलिमीटरच, पण आट्यांमधले अंतर कुठे १, कुठे १.५, कुठे १.७५ मिलिमीटर. दुसऱ्याच मापाचा एक्सल पहिले एक-दोन फेरे हाताने फिरतो आणि मग अडतो. अडला की पाना लावून जोर करण्याचा मोह होतो, आणि फ्रेममधले ॲल्युमिनियमचे आटे तिथेच मरतात. एक्सल शेवटपर्यंत बोटांनी फिरला पाहिजे. पाना फक्त अखेरच्या आवळणीसाठी.

चाकासकट बसवायच्या ट्रेनरवर सायकलचा मूळचा क्विक रिलीज वापरू नये. त्याची टोके नाजूक, कधी प्लॅस्टिकची, आणि आकार ट्रेनरच्या वाटीशी जुळणारा नसतो. ट्रेनरच्या खोक्यात पोलादी क्विक रिलीज येतो तो त्याचसाठी. त्याची दांडी चाकाला समांतर होईपर्यंत आवळावी. दांडी अर्ध्यावर आली की तळहाताला जोर जाणवला पाहिजे आणि पूर्ण बंद केल्यावर तळव्यावर तिचा वळ उठला पाहिजे. मग वाटी टोकावरच बसते आहे, फ्रेमच्या कडेला टेकत नाही, हे खाली वाकून पाहावे. थ्रू एक्सलच्या सायकलला या तऱ्हेच्या ट्रेनरवर बसवायचे तर निमुळत्या टोकांचा खास एक्सल वेगळा विकत घ्यावा लागतो. तो नसेल तर सायकल चढवूच नये. वाटीत कापडाची घडी किंवा रबराचे पॅकिंग घालून भागवणे हा उपाय नव्हे. रूळ टायरला लागल्यावर गुंडी आणखी दोन-तीन फेरे, ट्रेनरच्या पुस्तिकेत असतील तेवढे, फिरवावी आणि टायरमध्ये हवा पुरेशी असावी. टायर रुळावर घसरू लागला की तापतो आणि त्याचा भुसा फरशीवर पडतो.

थेट एक्सलवर बसवताना क्रम असा: चेन सर्वांत लहान दात्यावर आणायची, मागचे चाक काढायचे, सायकल सीटला धरून उचलायची, डिरेलर मागे ओढून चेन ट्रेनरच्या लहान दात्यावर टाकायची आणि फ्रेम खाली सोडायची. इथे घाई नडते. खाच पूर्ण खाली बसली नसताना आवळले तर टोपीची धार कार्बनमध्ये रुतते. आवळण्याआधी सीटवर हाताने दाब देऊन दोन्ही बाजू बसल्याची खात्री करावी. थ्रू एक्सल टॉर्क रेंचने, एक्सलवर किंवा पुस्तिकेत दिलेल्या न्यूटन-मीटरइतकाच आवळावा. कार्बनच्या कामात हे हत्यार चैनीचे मानू नये.

ट्रेनरवरची कॅसेट सायकलच्या गिअरइतक्या दातेरी चकत्यांची हवी. अकरा गिअरच्या ट्रेनरवर शिमानोची दहाची बसवायची तर आत १.८५ मिलिमीटरचा आणि बऱ्याचदा त्यासोबत १ मिलिमीटरचाही वॉशर लागतो. लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला आवळतात. बाकी गिअरची किरकोळ जुळणी कोणताही मिस्त्री करून देतो.

हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर चाक काढताच ब्रेकच्या पॅडमध्ये प्लॅस्टिकची पट्टी सारावी. डिस्क नसताना ब्रेकचा खटका चुकून दाबला गेला, तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा चाक आत जात नाही. घरात लहान मूल असेल तर हा प्रसंग येतोच. डावीकडे ट्रेनरचे अंग ब्रेकला टेकत नाही ना, हेही पाहावे.

आता नेहमीचा प्रश्न: ट्रेनरमुळे कार्बनची फ्रेम मोडते का? रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याच्या खाली डावी-उजवीकडे झुलते. ट्रेनरवर मागचा भाग जखडलेला असल्याने तो झोला चिमट्याच्या सांध्यांवर बाजूचा ताण होऊन उतरतो. पण रस्त्यावरचे खड्डे आणि दणके घरात नसतात, तेव्हा सीटवर बसून केलेल्या सरावात फ्रेमला भीती मानण्याचे कारण नाही. उभे राहून, हँडल ओढत मारलेल्या जोराची गोष्ट वेगळी. असा सराव नेमाने करणाऱ्याने ट्रेनरखाली झुलणारी फळी घ्यावी किंवा मुळातच थोडा झुलणारा ट्रेनर निवडावा. काही कंपन्या ट्रेनरवरच्या वापराला हमीपत्रात मुभा देतात, काही देत नाहीत. ते पान सायकल चढवण्याआधी वाचायचे असते.

पायाखालची जमीनही महत्त्वाची. शहाबादी फरशी क्वचितच सपाट असते, आणि गावाकडच्या सारवलेल्या जमिनीत ट्रेनरचा एक पाय हळूहळू रुततो. जाड प्लायवूडचा तुकडा, त्यावर रबरी चटई, आणि पायांचे स्क्रू फिरवून काढलेली पातळी एवढ्याने ट्रेनर स्थिर होतो. डुगडुगणाऱ्या ट्रेनरवर प्रत्येक पॅडलला फ्रेम पिळली जाते. चाकासकट बसवलेल्या सायकलचा मागचा भाग थोडा उचलला जातो, म्हणून पुढच्या चाकाखाली ठोकळा ठेवतात. पावसाळ्यात पासलीसारख्या गावात वीज कधी जाईल याचा नेम नाही. वीज गेली की बहुतेक स्मार्ट ट्रेनरचा प्रतिकार एकदम नाहीसा होतो आणि जोरात फिरणारा पाय हिसका खातो. टॅक्सच्या निओसारखे काही ट्रेनर विजेशिवायही चालतात.

एका शत्रूकडे मात्र हमखास दुर्लक्ष होते: घाम. बंद खोलीत तासाला लिटरभर घाम सहज जातो, आणि तो थेट हँडल, स्टेम आणि पुढच्या चिमट्याच्या बेअरिंगवर ठिबकतो. कार्बनला मीठ फारसे बाधत नाही. बाधते ते त्याला चिकटलेल्या ॲल्युमिनियमला आणि पोलादी स्क्रूंना. कार्बन आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये खारट ओल साचली की ॲल्युमिनियम झिजू लागते आणि आट्यांत पांढरी पूड जमते. डोंगरातल्या दमट हवेत ही ओल वाळतही नाही. पंखा, हँडलवर टॉवेल, सराव संपल्यावर ओल्या फडक्याने पुसणे आणि महिन्यातून एकदा स्टेमचे स्क्रू काढून, साफ करून, हलके ग्रीस लावून पुन्हा आवळणे, एवढे तरी करावे.

महिन्याकाठी एकदा चिमटा आणि एक्सलची खाच यांचा सांधा बॅटरीच्या उजेडात बघावा. रंगावरची रेघ नखाला लागली तर संशय घ्यावा. नाण्याने हलके टिचकावल्यावर शेजारच्या भागापेक्षा बद्द आवाज आला तर सायकल उतरवून कार्बनच्या जाणकाराकडे न्यावी.

दिवाळीच्या आसपास रस्ते कोरडे होतात आणि सायकल ट्रेनरवरून उतरते. तेव्हा ट्रेनरचा एक्सल काढून सायकलचा मूळ एक्सल घालावा, पॅडमधली पट्टी काढावी, ब्रेक चार-पाचदा दाबून तपासावेत, गिअर पुन्हा जुळवावेत. सायकल चाकासकट बसवली असेल तर ट्रेनरवर झिजलेला मागचा टायर गुळगुळीत आणि चौकोनी झालेला असतो. तो बदलल्याशिवाय केळदहून पासलीकडे उतरू नये.