तापाचा माग

पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी चौथा, फार तर तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो, तितकाच किंवा थोडा अधिक धुराबरोबर निघून जातो, आणि राहिलेली उष्णता पाण्याने वेळच्या वेळी वाहून नेली नाही, तर ज्या धातूच्या पोटात ती निर्माण झाली त्याच धातूचा ती घात करते. या पाण्याच्या येरझारेविषयी मला लहानपणापासून आस्था वाटत आली आहे, आणि तिचे मूळ कुंभार्ली घाटात आहे.

माझे वडील, ज्यांना घरात आणि कामावर सगळेच अण्णा म्हणत, चिपळूणच्या एसटी आगारात मेकॅनिक होते. पोफळी सोडून रस्ता सह्याद्रीला भिडला की वैशाखातल्या दुपारी भरल्या गाड्या, मग त्या मालट्रक असोत की मोटारी, वळणावळणावर बोनेट उघडून उभ्या दिसत. रेडिएटरच्या टोपणावर ओले गोणपाट टाकून, तोंड बाजूला फिरवून, टोपण अर्धवट सैल करणारा क्लीनर आणि मागे पाण्याचा डबा घेऊन उभा असलेला ड्रायव्हर हे त्या घाटातले नित्याचे दृश्य होते. टोपण घट्ट असेपर्यंत आतल्या दाबामुळे पाणी शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही, आणि दाब सुटताच त्याच पाण्याची क्षणात वाफ होते, हे शास्त्र मी शाळेत नंतर शिकलो. त्या वाफेचा फूत्कार मात्र त्याआधीच ऐकला होता. अण्णांबरोबर जाताना अशी गाडी दिसली की ते थांबत, पण पाना हातात घेण्याआधी ड्रायव्हरची रीतसर जबानी घेत: चढावर तापली की उभी असताना, काटा हळूहळू चढला की एकाएकी, पाणी किती दिवसांनी कमी होते. या प्रश्नांना उत्तरे मिळेपर्यंत ते बोनेटखाली हात घालीत नसत, आणि उन्हात ताटकळलेल्या माणसांना त्यांचा हा विलंब सोसवत नसे.

पुढे शिक्षणासाठी पुण्यात राहिलो, तेव्हा तिथल्या मिस्त्रीलोकांत एक सार्वत्रिक वहिवाट आढळली. गाडी तापते अशी तक्रार आली की थर्मोस्टॅट काढून टाकावा आणि गिऱ्हाइकाची रवानगी करावी. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या प्रसरणाने उघडणारी एक लहानशी झडप. इंजिन योग्य तापमानाला येईपर्यंत ती पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, आणि आल्यावर वाट मोकळी करते. ती बिघडून बंद राहिली तर गाडी तापते हे खरे. परंतु निरोगी झडप काढून टाकल्याने इंजिन सदैव अर्धवट गार राहते, इंधन अधिक जाते, झीज वाढते, आणि तापण्याचे मूळ कारण जागच्या जागी राहून तक्रार तेवढी काही महिने दप्तरी दाखल होते. त्या वहिवाटीविषयी तेव्हा वाटलेला संताप आजही ओसरलेला नाही, कारण दुखण्याचा ठाव न घेता त्याचे लक्षण दडपणे हा मी कारागिरीतला सर्वात मोठा अपराध समजतो.

नोकरीने मला स्टुटगार्टला आणले. त्याच शहराच्या कानष्टाट भागात विल्हेल्म मायबाख याने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर सिद्ध केला, आणि 1901 सालच्या मर्सिडीज गाडीवर तो बसवला गेला. सहा मिलिमीटर चौरसाच्या 8,070 नळ्या एकत्र जोडून त्याने वाऱ्याला इतका पृष्ठभाग उपलब्ध करून दिला, की वाहून न्यावे लागणारे पाणी एकदम निम्म्यावर आले. त्यापूर्वी, 1888 मध्ये, बेर्टा बेंत्स ही धाडसी स्त्री दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला मोटारीने गेली, तेव्हा पाणी उकळून उडून जात असल्यामुळे तिला ते वाटेत ठिकठिकाणी भरावे लागले होते. तो वृत्तांत मी प्रथम वाचला, तेव्हा ती बाई मला कुंभार्लीच्याच वळणावर उभी दिसली.

इथेच मी एक जुनी फोक्सवॅगन कॅम्पर व्हॅन घेतली. आत बिछाना, शेगडी आणि वर उचलणारे छप्पर असलेली, टी-3 या पिढीतली, आणि 1982 च्या शरद ऋतूत त्या पिढीला लाभलेल्या पाण्याने गार होणाऱ्या इंजिनाची. तिची रचना विलक्षण आहे: इंजिन मागे, रेडिएटर अगदी पुढे नाकाशी, आणि दोहोंमध्ये तळाखालून गाडीच्या लांबीभर धावणारे दोन पाइप. सोळा-सतरा लिटर पाणी या दीर्घ मार्गावरून अखंड ये-जा करीत असते, म्हणून बिघाडाचा माग काढणाऱ्याला इथे इतर गाड्यांपेक्षा अधिक लांबची वाट चालावी लागते.

पहिल्या हिवाळ्यात दिवे लावले की तापमानाचा काटा चढू लागला. नीट न्याहाळले, तेव्हा शेजारचा पेट्रोलचा काटाही त्याच्याबरोबर चढताना दिसला. दिवे लावल्याने टाकीतले पेट्रोल वाढणे शक्य नव्हते. अर्थात दोन्ही काट्यांना एकसारखा विद्युतदाब पुरवणारा, डॅशबोर्डमागचा नखाएवढा नियामक आणि त्याची अर्थिंगची जोडणी यांच्याकडेच संशय वळत होता. जोडणी घासून स्वच्छ करताच दोन्ही काटे ठिकाणावर आले. इंजिन मुळी तापलेच नव्हते.

उन्हाळ्यातला ताप मात्र खरा होता. स्टुटगार्टहून उल्मकडे जाणारा महामार्ग श्वेबिश आल्बचा डोंगर चढू लागला की काटा मध्य सोडून निघे. केबिनचा हीटर पूर्ण उघडला की तो थोडा उतरे, कारण हीटर हाही एक छोटा रेडिएटरच असतो. भर जुलैत तोंडावर ऊन वारा घेत आम्ही माथा गाठीत असू. शहरातल्या वाहतुकीत उभी असताना गाडी गार राही, सबब पंखा आणि त्याचा स्विच निर्दोष ठरले. एका गॅरेजने इंजिनाची दोन्ही हेडे उतरवण्याची तजवीज सुचवून भल्या रकमेचा अंदाज हाती दिला. हेडची सील गेली असती, तर जळलेला वायू पाण्यात उतरला असता; म्हणून पाण्याच्या टाकीच्या तोंडावर निळ्या द्रावाची नळी बसवून परीक्षा केली. कर्बद्विप्राणील वायू लागताच पिवळा पडणारा तो द्राव शेवटपर्यंत निळाच राहिला.

रात्री अण्णांना फोन केला. निवृत्त होऊन त्यांना बराच काळ लोटला होता आणि पुढे रेडिएटर, मागे इंजिन असली गाडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. सगळी हकीकत ऐकून ते म्हणाले, “अरे, उभी असताना तापत नाही आणि चढावर तापते, म्हणजे थोडी उष्णता जाते आणि जास्त जात नाही. जाळीवरून हात फिरवलास का? सगळीकडे सारखी ऊन लागते का ते बघ.”

दुसऱ्या दिवशी इंजिन चांगले तापवून बंद केले, पुढची शोभेची जाळी काढली आणि रेडिएटरवर तळवा ठेवला. वरचा भाग हात मागे घ्यावा इतका कढत होता, आणि खालचा चार बोटे रुंदीचा पट्टा जवळजवळ गार. रेडिएटर उतरवून उलटा धरला, तेव्हा त्यातून तपकिरी रंगाचा चिखल निघाला: गळती बुजवण्यासाठी बाटलीतून ओततात ती भुकटी, कोण्या पूर्वीच्या दुरुस्तीत घातलेली, जिने गळतीबरोबर खालच्या नळ्याही बुजवल्या होत्या.

नवा रेडिएटर बसवल्यावर गाडीचे नाक जॅकवर उंच उचलून, इंजिन चालू ठेवून, वरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल केला. इतक्या लांबच्या मार्गात हवेचा एखादा खिसा राहिला तर सगळी मेहनत वाया जाते, म्हणून हे काम घाईने करून चालत नाही. आधी नुसती सुस्कारणारी हवा आली, मग फेस, मग थुंकल्यासारखे तुटक पाणी, आणि बऱ्याच वेळाने बुडबुड्याविना सलग अशी निळसर धार.

त्याच ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियातला ग्रोसग्लोकनरचा घाट चढलो. 1935 साली खुल्या झालेल्या त्या रस्त्यावर होखटोर येथे 2,504 मीटरची उंची गाठेपर्यंत दुसऱ्या गियरमध्ये बराच काळ गेला; काटा मध्याच्या किंचित वर जाऊन तिथेच स्थिर राहिला. मुक्कामी पोहोचून अण्णांना फोनवर हे सांगितले. त्यांनी शाबासकी दिली नाही. “उतरताना काय झालं?” एवढेच विचारले.

“मध्यावरच होता. खाली गेला नाही,” मी म्हणालो.

“मग थर्मोस्टॅटपण ठीक आहे तुझा,” अण्णा म्हणाले, आणि फोन त्यांनी आईकडे दिला.