पान्याचं माप

मुलांनो, सांबारवडी खायला काय लागतं? कढी आणि भूक! पण करायला? पोळपाट, लाटणं, कढई, झारा... करतानाचं सामान वेगळं, खातानाचं वेगळं. कॉम्प्युटरच्या प्रोग्रामचंही अगदी तसंच असतं, बरं का!

नागपुरातल्या आमच्या शाळेत कुणीतरी दिलेला एक जुना कॉम्प्युटर आहे. त्यावर लिनक्स चालतं. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या रंगपेटीत दिवाळीपर्यंत दोन-तीनच खडू उरतात. म्हणून मला 'टक्स पेंट' हवं होतं. बिल केंड्रिक यांनी २००२ साली मुलांसाठी सुरू केलेला हा चित्रकलेचा प्रोग्राम फुकट मिळतो, आणि त्यातले रंग कधी संपत नाहीत! लिनक्ससोबत मिळणारी तयार आवृत्ती जुनी होती. मुलांना हवे होते नवे जादूचे ब्रश. मग म्हटलं, मूळ मजकुरावरून आपणच तो तयार करू.

त्यासाठी दोन आज्ञा असतात. 'मेक' म्हटलं की प्रोग्राम तयार होतो. 'मेक इन्स्टॉल' म्हटलं की तो जागेवर बसतो. हे 'मेक' स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली लिहिलं, अजूनही कामाचं आहे! पण ते सुरुवातीलाच थांबलं. म्हणे, एसडीएल सापडत नाही. एसडीएल म्हणजे पडद्यावर चित्र दाखवणारं तयार सामान. ते तर होतं! एक खेळ त्यावरच चालायचा. पण ते झालं चालवायचं सामान. बनवायचं सामान 'डेव्ह' नावाच्या वेगळ्या पुडक्यात येतं.

पुडकी आणून देणाऱ्या 'ॲप्टिट्यूड'ला मी डेव्ह मागितलं, तर ते अडून बसलं. आमचं एसडीएल बाहेरच्या ठिकाणाहून आलेलं, नवं. डेव्ह मात्र जुन्या आवृत्तीचं. चौदाच्या नटाला तेराचा पाना कसा लागेल? दोघांचं माप एकच हवं.

मग त्याने उपाय सुचवला: 'खेळ आणि व्हिडिओ दाखवणारा प्रोग्राम काढून टाकतो. चालेल?' नुसतं 'हो' दाबलं असतं, तर धड्यांचे व्हिडिओ बंद! मी यादी नीट वाचली आणि 'नाही' दाबलं. गंमत अशी, की 'नाही' म्हटलं की ते रुसत नाही, दुसरा उपाय शोधतं. या वेळी म्हणालं, 'काही काढत नाही. एसडीएल, खेळ, व्हिडिओ, तिन्ही लिनक्सच्या मूळ आवृत्तीवर आणतो.' आता दाबलं 'हो'! नट-पान्याचं माप जुळलं. मेक चाललं, मेक इन्स्टॉलही झालं.

दोघांचं भांडण लागलं, की एकाला घराबाहेर काढणं हा पहिला सुचणारा उपाय असतो, शेवटचा नव्हे. थोडं थांबून विचारावं, दोघांना चालेल असं काही आहे का?

त्याच आठवड्यात चौथीतल्या एका मुलीने अंबाझरीचा तलाव रंगवला. काठोकाठ निळा. खडू झिजेल म्हणून हात आखडता घ्यायची तिला गरजच पडली नाही!