डोंगरमाथ्यावरची रोजकीर्द

चैत्रातील सकाळी तुर्भ्याच्या बाजारात धान्याच्या गाड्या खाली होत असतात, तेव्हा पूर्वेला उभा असलेला पारसिकचा डोंगर अजून सावलीतच असतो. ऊन वर चढते, खडक तापू लागतो आणि गोदामांच्या छपरांवर बसलेल्या घारी एकेक करून पंख पसरतात. पंख न हलवता, गिरक्या घेत त्या वर वर जातात. बाजारातील माणसाला हे दृश्य रोजचेच. परंतु होळीपासून महावीर जयंतीपर्यंतच्या काही आठवड्यांत त्या गिरक्यांमध्ये एखादा परका प्रवासीही मिसळलेला असू शकतो. त्याला ओळखायचे तर डोंगरमाथा गाठावा लागतो.

मुंब्र्याकडून बेलापूरकडे दक्षिणोत्तर पसरलेल्या या रांगेवरून नवी मुंबई एका दृष्टिक्षेपात दिसते. पश्चिमेला ठाणे खाडी आणि तिच्या काठची खारफुटी, पायथ्याशी कारखाने व बाजारपेठा, दक्षिणेला विमानतळ आणि त्याच्याही पलीकडे कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका. कर्नाळ्याचे अरण्य १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे. पूर्वेला माथेरानची रांग धुरकट दिसते.

खाडीकाठी आणि आसपासच्या माळांवर हिवाळा काढणारे शिकारी पक्षी या दिवसांत उत्तरेला परतू लागतात. दलदलीवरून खालच्या पातळीवर तरंगत जाणारे भोवत्ये, पाण्यात सूर मारून मासा उचलणारी मीनखाई घार, उंच इमारतीच्या कठड्यावर बसणारा बहिरी ससाणा, आणि क्वचित दिसणारे ठिपकेदार व गवताळी गरुड ही त्यांतील काही नावे. गवताळी गरुडाची घरटी रशिया, कझाकस्तान, मंगोलियाच्या गवताळ प्रदेशांत असतात. एवढी वाट केवळ पंख मारून कापणे गरुडासारख्या जड पक्ष्याला परवडणारे नसते. तापलेल्या जमिनीवरून उष्ण हवेचा स्तंभ वर उठतो, त्यात गिरक्या घेत पक्षी उंची कमावतो आणि मग ती उंची खर्च करीत पुढच्या स्तंभापर्यंत घसरत जातो. समुद्राकडून आलेला वारा डोंगराच्या उतारावर आदळून वर वळतो, तोही त्याच्या उपयोगी पडतो. म्हणूनच जगभर असे पक्षी मोजणारे लोक डोंगरधारेवर जाऊन बसतात.

मोजण्याची रीत व्यापाऱ्याला चटकन उमगावी अशी आहे. एकजण दुर्बीण डोळ्याला लावून आकाशाचा ठरलेला भाग संथपणे न्याहाळतो, दुसरा वहीत लिहितो. गिरक्या घेणाऱ्या थव्याची मोजणी करीत नाहीत, कारण त्यात एकच पक्षी दोनदा धरला जाण्याचा धोका असतो. थवा स्तंभ सोडून एका दिशेने घसरू लागला, की एकेक पक्षी मोजायचा. स्थानिक घारींचे खाते वेगळे आणि प्रवाशांचे वेगळे. दर तासाला वारा, ढग आणि दृष्टीचा पल्ला यांची नोंद. ओळख पटली नाही तर नाव ठोकून द्यायचे नाही, ‘अनोळखी’ असेच लिहायचे. ज्या तासात एकही पक्षी गेला नाही, त्या तासासमोर शून्य मांडायचे. दुकान उघडे होते पण विक्री झाली नाही हा एक दिवस, आणि दुकान उघडलेच नाही हा दुसरा. दोहोंत केवढे अंतर आहे, हे रोजकीर्द लिहिणाऱ्याला सांगावे लागत नाही.

अशा वहीचे मोल फार उशिरा कळते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात हॉक माउंटन नावाचा डोंगर आहे. तेथून जाणारे ससाणे आणि गरुड लोक मौजेखातर बंदुकीने टिपत. १९३४ मध्ये रोझली एज या बाईंनी तो डोंगर भाड्याने घेऊन शिकार थांबवली. जेथून नेम धरला जाई, तेथूनच पक्षी मोजले जाऊ लागले. १९३५ ते १९३९ या वर्षांत तेथून गेलेल्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडांपैकी सुमारे ४० टक्के कोवळ्या वयाचे होते. पुढे हे प्रमाण २० टक्क्यांवर आले. म्हातारे पक्षी येत होते, पिल्ले येत नव्हती. रेचेल कार्सन यांनी १९६२ मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात डीडीटीविरुद्ध पुरावा मांडताना याच नोंदींचा आधार घेतला.

आपल्या देशातील गिधाडांची कथा याहून जिव्हारी लागणारी आहे. भरतपूरच्या केवलादेव उद्यानातील गणनेने ती प्रथम उजेडात आणली. १९९२ ते २००७ या काळात देशातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली. कारण २००४ मध्ये सिद्ध झाले. आजारी गुरांच्या वेदना शमाव्यात म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मृत जनावराच्या शरीरात उरते, आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. गाईवर केलेली दया गिधाडाला मारक ठरली होती, आणि देणाऱ्याला त्याची गंधवार्ताही नव्हती. २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली. त्याऐवजी मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित ठरले आहे. पांजरपोळ आणि गोशाळांना हातभार लावणाऱ्या घरांनी तेथील औषधांची यादी एकदा अवश्य पाहावी. ज्याला दुसऱ्याचा जीव घ्यावयाचा नाही, त्याला आपल्या चांगुलपणाचे परिणामही तपासावे लागतात, आणि तपासणीचा आरंभ मोजण्यापासून होतो.

नवी मुंबईत आज अशा वहीची निकड आहे. पारसिकच्या उतारांवर खडीच्या खाणींचे घाव आहेत. उलव्याची टेकडी कापून तेथे विमानतळ उभा राहिला आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. एकाच आकाशात आता विमाने आणि गरुड दोन्ही उडतात. पक्षी कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या प्रहरी, किती उंचीवरून जातात, हे ठाऊक असणे प्रवाशांच्या जिवासाठी हितकर आणि पक्ष्यांच्याही. बदल झाल्यानंतर पहिले पान लिहायला घेतले, तर आरंभीची शिल्लक कोठून आणणार? नुकसान किती झाले, हेही मग सांगता येत नाही.

दुपार टळते. माथ्यावर सावली उरत नाही, पाण्याची बाटली संपत आलेली असते. खाली बाजारात हिशेबाला बसण्याची वेळ झालेली असते. माथ्यावरचे निरीक्षकही दिवसाची बेरीज मांडतात: स्थानिक घारी पुष्कळ, भोवत्या एक, अनोळखी गरुड एक. शेवटच्या तासासमोर शून्य. खाली तारीख, वाऱ्याची दिशा आणि दोघांच्या सह्या होतात, आणि वही बंद होते. उद्याच्या पानावर वार आणि तिथी आधीच लिहून ठेवलेली असते.